व्ही-ब्रेकवरची कमान: ब्रेक बूस्टर नेमकं काय करतो आणि काय करत नाही

माउंटन बाइकचा मागचा व्ही-ब्रेक (दोन उभ्या भुजांनी रिमवर रबरी पॅड दाबणारा ब्रेक) जोरात दाबा आणि दुसऱ्या कुणाला तरी चाकाच्या मागे बसून बघायला सांगा. पॅड रिमला टेकतात, तरी लिव्हर आत येतच राहतो. त्याच वेळी सीट-स्टेच्या, म्हणजे खोगिराखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या, दोन नळ्या एकमेकींपासून फाकतात. कधी केसभर, तर कधी नुसत्या डोळ्यांनी कळेल एवढ्या. हे फाकणं रोखण्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराची एक कमान टायरवरून नेऊन दोन्ही ब्रेक-बॉसच्या (ब्रेकच्या भुजा ज्यांवर बसतात ते खुंट) बोल्टांत अडकवतात. हाच ब्रेक बूस्टर.

कमान लावली की ब्रेकची ताकद वाढते, असा सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि कुठला अर्धा खरा ते कळलं नाही तर चुकीच्या बाइकवर चुकीची कमान लावून हाती काहीच लागत नाही. म्हणून आधी थोडं गणित. ते शाळेतल्या तरफेपलीकडे जात नाही.

फाकवणारा जोर येतो कुठून

व्ही-ब्रेकची प्रत्येक भुजा ही एक तरफ असते. तळाशी टेकू, म्हणजे फ्रेमला किंवा फोर्कला जोडलेला बॉस. टोकाला केबल. आणि मध्ये, बॉसपासून साधारण २५ ते ३० मिमी वर, पॅड. भुजेची लांबी १०५ मिमीच्या आसपास असते. पॅड २७ मिमीवर आहे असं धरलं तर १०५ भागिले २७, म्हणजे जवळजवळ ३.९ पट जोर पॅडवर मिळतो. केबलमध्ये २०० न्यूटन ताण असेल, म्हणजे साधारण २० किलोचं वजन टांगल्याइतका, तर प्रत्येक पॅड रिमवर सुमारे ७८० न्यूटनने दाबतो.

रिमसुद्धा पॅडला तेवढ्याच जोराने बाहेर ढकलते. केबल भुजेला २०० न्यूटनने आत ओढत असते. उरलेल्या ५८० न्यूटनचा भार बॉसवर पडतो. म्हणजे ब्रेक दाबलेला असताना डावा बॉस जवळपास ६० किलोच्या जोराने डावीकडे ढकलला जातो आणि उजवा तितक्याच जोराने उजवीकडे. ज्या नळ्यांवर हे बॉस बसलेत त्या सीट-स्टे फ्रेमच्या सगळ्यात बारीक नळ्यांपैकी. खाली ड्रॉपआऊट (चाकाचा आस बसतो ती खाच) आणि वर पूल (दोन नळ्यांना जोडणारी आडवी नळी), या दोन आधारांच्या मधल्या मोकळ्या भागात त्यांना हा आडवा जोर बसतो.

त्यात आणखी एक भानगड आहे. बॉस नळीतून मागे बाहेर आलेला खुंट असतो आणि भुजा त्याच्यावर फिरते. त्यामुळे जोर नळीच्या मध्यरेषेवर लागत नाही, तिच्यापासून दोनेक सेंटिमीटर मागे लागतो. नळी नुसती वाकत नाही, पिळवटतेही. बॉसच्या बुडाशी हालचाल थोडी आणि टोकाशी जास्त, असा प्रकार होतो. कमान बोल्टाच्या डोक्याखाली, म्हणजे बरोबर या टोकाशी बसते. एका बाजूने धरलेल्या खुंटाला दुसऱ्या बाजूनेही आधार मिळतो. बूस्टरचा खरा फायदा इथे आहे.

पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये एक फरकही आहे. पुढे भुजा फोर्कच्या पुढच्या अंगाला असतात आणि तिथे रिम पुढे सरकत असते, म्हणून घर्षण पॅडना फोर्कपासून दूर खेचतं. मागे भुजा सीट-स्टेच्या मागच्या अंगाला असतात आणि घर्षण त्यांना फ्रेमकडे दाबतं. भुजेच्या बुशमध्ये, म्हणजे ती ज्या आतल्या नळीवर फिरते तिच्यात, खेळ असेल तर पुढचा ब्रेक थरथरतो किंवा किंचाळतो, त्यामागे अनेकदा हे खेचणं असतं.

ताकद तीच, वाया जातो तो लिव्हरचा प्रवास

आता मुख्य मुद्दा. फ्रेम फाकली म्हणून पॅडवरचा जोर कमी होत नाही. केबलमध्ये २०० न्यूटन ताण असेल तर पॅडवर ७८० न्यूटनच पडणार, मग बॉस अर्धा मिमी फाको की दोन मिमी. तरफेचं गुणोत्तर तसंच राहतं. फाकण्यामुळे खर्च होते ती केबलची लांबी, म्हणजेच लिव्हरचा प्रवास.

किती खर्च होते? पॅड रिमला टेकलेला आहे आणि बॉस १ मिमी बाहेर सरकला, तर भुजा पॅडभोवती फिरते आणि तिचं वरचं टोक सुमारे २.९ मिमी आत येतं. दोन्ही बाजू मिळून ५.८ मिमी केबल. व्ही-ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबल्यावर सगळी मिळून ३० मिमीच्या आसपास केबल ओढतो. म्हणजे प्रत्येक बॉस नुसता १ मिमी फाकला तरी लिव्हरचा जवळपास पाचवा हिस्सा गेला. पॅड आणि रिममधली प्रत्येकी १ मिमीची फट भरून काढायला आणखी ७.८ मिमी लागतात. त्यावर केबलचं ताणलं जाणं, आऊटरचं, म्हणजे केबलवरच्या आवरणाचं, दबणं, पॅडच्या रबराचं दबणं. मागच्या ब्रेकची केबल लांब, म्हणून तिथे हे सगळं जास्त.

कोरड्या सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही, कारण मागचं चाक अगदी सुमार ब्रेकनेही घसरतं. अडचण येते ती ओल्या रिमवर, लांब उतारावर किंवा बाइकवर सामान लादलेलं असताना. रिम ओली झाली की पॅडची पकड खूप घटते. तेवढीच गती रोखायला जास्त दाब लागतो, जास्त दाबाने फ्रेम जास्त फाकते आणि लिव्हर हँडलच्या ग्रिपला जाऊन भिडतो. एकदा लिव्हर ग्रिपला टेकला की पुढे जोर लावणं संपलं. नेमक्या या परिस्थितीत बूस्टर ब्रेकची ताकद खरोखर वाढवतो. लिव्हर ग्रिपपासून लांबच घट्ट होत असेल तर बूस्टर फक्त हाताला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. तोही काही कमी नाही. फाकणारी फ्रेम स्प्रिंगसारखी वागते आणि लिव्हर किती दाबला की किती ब्रेक लागेल याचा अंदाज बिघडवते.

वाचलेला प्रवास जोरात बदलून घेण्याचाही मार्ग आहे, आणि बूस्टर लावणारे बहुतेक जण तो विसरतात. काही लिव्हरवर केबल ओढण्याचा बिंदू मागेपुढे करता येतो. आव्हिड कंपनीच्या स्पीड डायल लिव्हरवर त्यासाठी स्क्रू असतो. बिंदू लिव्हरच्या खिळीजवळ नेला की लिव्हर कमी केबल ओढतो, पण जास्त जोराने. फाकणाऱ्या फ्रेमवर ही सोय निरुपयोगी ठरते, कारण लिव्हर लगेच ग्रिपला लागतो. बूस्टरने तीन-चार मिमी केबल वाचली की हा स्क्रू फिरवायला जागा होते. मग त्याच बोटांनी पॅडवर खरोखर जास्त दाब येतो.

आधी मोजा

बूस्टर मागवण्याआधी फाकणं मोजायला दहा मिनिटं पुरतात. व्हर्नियर कॅलिपर हवा आणि सामान तोलायचा हुकाचा ताणकाटा हवा. दोन्ही बॉसच्या बोल्टांच्या डोक्यांच्या बाहेरच्या कडांवर व्हर्नियर लावून अंतर टिपून घ्या. मग ताणकाट्याचा हुक लिव्हरवर, जिथे एरवी बोट असतं तिथे, अडकवून १० किलोपर्यंत ओढा आणि दुसऱ्या माणसाला तेच अंतर पुन्हा मोजू द्या. ताणकाट्याचा फायदा असा की नंतर बूस्टर लावून नेमक्या तेवढ्याच जोराने तुलना करता येते. नुसत्या हाताने दाबून केलेली तुलना फसवते, कारण लिव्हर घट्ट लागला की हात आपोआप जास्त दाबतो.

दोन्ही बाजू मिळून फरक अर्ध्या मिमीपेक्षा कमी आला तर बूस्टरचा नाद सोडा. दीड-दोन मिमी आला तर फायदा नक्की जाणवेल. मधल्या आकड्यांत आधी इतर ठिकाणचा ढिसाळपणा काढलेला बरा.

तो शोधायला ब्रेक दाबताना क्रमाने चार जागा बघा. आऊटर वळणावर आखडतोय किंवा फुगतोय का? त्याच्या टोकांची कॅप नीट बसली आहे का, की टोक तिरकं कापलेलं आहे? नूडल, म्हणजे भुजेकडे येणारी वाकडी नळी, तिच्या खाचेत डुगडुगते का? आणि भुजा स्वतः वाकते का? स्वस्त ब्रेकच्या पातळ पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिक मिसळलेल्या भुजा फ्रेमपेक्षा जास्त वाकतात. तिथे बूस्टर लावणं म्हणजे गळक्या बादलीला नवी कडी लावणं. शेवटी भुजा हाताने धरून चाकाच्या दिशेने मागेपुढे हलवा. बुशमध्ये खेळ लागला तर भुजांची जोडी बदला. तो खेळ कमान घालवू शकत नाही.

एक चूक तर मोजण्याचीही गरज नाही इतकी ढोबळ असते: जुन्या कॅन्टिलिव्हर ब्रेकचा (व्ही-ब्रेकच्या आधीचा प्रकार) लिव्हर व्ही-ब्रेकला जोडलेला असणं. तो केबल कमी ओढतो. ब्रेक लागतो तो कमालीच्या जोराने, पण प्रवास पुरत नाही आणि लिव्हर ग्रिपला भिडतो. लक्षण फाकण्यासारखंच, उपाय मात्र वेगळा. लिव्हर बदला.

कमान कशी असावी

बाजारात मिळणाऱ्या कमानी दिसायला सारख्या, पण ताठपणात त्यांच्यात प्रचंड फरक असतो. कमानीवर जोर येतो तो तिचे पाय फाकवणारा. त्याविरुद्ध ताठपणा ठरतो पट्टीच्या रुंदीवर, आणि रुंदी म्हणजे टायरपासून बाहेरच्या दिशेने मोजलेली. जाडी, म्हणजे बाइकच्या पुढेमागे मोजलेलं माप, दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. रुंदी दुप्पट केली तर आठपट. घरी लोखंडी पट्टी टायरभोवती हुपासारखी आडवी वाकवून बूस्टर करणारे इथेच फसतात. २० बाय ४ मिमीची पट्टी उभी वापरली, म्हणजे २० मिमीची बाजू टायरपासून बाहेरच्या दिशेने ठेवली, तर ती आडव्या वाकवलेल्या त्याच पट्टीच्या २५ पट ताठ असते. आडवी पट्टी नुसती शोभेची.

धातूचं म्हणाल तर त्याच मापाचं पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ, टायटॅनियम साधारण दीडपट. कार्बन फायबरचं एका आकड्यात सांगता येत नाही, कारण तंतू कोणत्या दिशेने आणि किती थरांत घातलेत त्यावर सगळं अवलंबून असतं. कार्बनसारखं दिसणारं पातळ पान हाताने पिळून बघावं. हातात वाकलं तर ६० किलोपुढे काय टिकणार?

उंचीही महत्त्वाची. २६ इंची चाकावर बॉसपासून टायरच्या माथ्यापर्यंत ८० मिमीच्या आसपास अंतर असतं, टायर जाड असेल तर थोडं जास्त. चिखल अडकू नये म्हणून त्यावर ८ ते १० मिमी मोकळी जागा लागते. कमानीचे पाय त्यामुळे ९० मिमीच्या पुढे जातात, आणि पाय लांब झाले की लवचीकता झपाट्याने वाढते. ढोबळ हिशेबाने पाय ९५ मिमीऐवजी ८५ मिमी ठेवले तर फाकणं जवळपास चौथ्या हिश्शाने घटतं. कोरड्या वाटांवर बारीक टायर वापरणाऱ्याने उंच कमान घेऊ नये.

आता या आकड्यांतून किती अपेक्षा ठेवावी तेही बघू. ६ मिमी जाड, १८ मिमी रुंद, ९५ मिमी पायांची ॲल्युमिनियमची कमान घ्या. तिच्या टोकांना प्रत्येकी ३०० न्यूटनने बाहेर ओढलं तर प्रत्येक पाय सुमारे १ मिमी सरकतो. समजा फ्रेमचा बॉस ५८० न्यूटनला १ मिमी फाकत होता. दोघांनी मिळून भार वाटून घेतला की फाकणं ०.६६ मिमीवर येतं. म्हणजे एक तृतीयांश कमी. रुंदी २४ मिमी केली तर ते ०.४५ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि केबलमधले सव्वातीन मिमी वाचतात. फाकणं शून्य करणारी कमान नसते. ‘फ्रेम एकदम दगडासारखी होते’ असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

स्वतः कापणार असाल तर ६०६१-टी६ प्रतीची ६ मिमी जाड ॲल्युमिनियमची प्लेट चांगली. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून भुजांवर, नूडलवर आणि टायरवर बसवून बघा, ब्रेक पूर्ण उघडूनही बघा. दोन बॉसमधलं मध्य ते मध्य अंतर व्ही-ब्रेकसाठी साधारण ८० मिमी असतं, पण फ्रेमप्रमाणे काही मिमी इकडेतिकडे होतं, म्हणून मोजल्याशिवाय भोक पाडू नका. एका पायाला गोल भोक, दुसऱ्याला दोन-तीन मिमीची लांबट खाच. आतल्या कोपऱ्यांना सढळ गोलाई द्या. करवतीचा टोकदार कोपरा तसाच ठेवला तर तडा तिथूनच जातो. शेवटी सगळ्या कडा कानशीने मोडून घ्या. पडताना गुडघा या कमानीवर आपटू शकतो.

बसवताना

लागतं ते एवढंच: कमान, एम६ मापाचे दोन लांब बोल्ट, बारीक व्यासाचे वॉशर किंवा छोट्या नळ्या, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक), ५ मिमीचा ॲलन पाना आणि शक्य असेल तर टॉर्क पाना.

भुजा फिरते ती तिच्या आतल्या बुशवर. हा बुश भुजेच्या अंगापेक्षा किंचित बाहेर आलेला असतो. बोल्ट बुशला आवळतो, भुजेला नाही, म्हणून बोल्ट कितीही घट्ट असला तरी भुजा मोकळी फिरते. कमान थेट भुजेवर टेकली तर ही रचनाच मोडते आणि ब्रेक सोडल्यावर भुजा परत येत नाही. म्हणून कमान आणि बुश यांच्यामध्ये असा वॉशर हवा जो फक्त बुशवर टेकेल. साधारण १० मिमी बाहेरचा व्यास पुरतो. नेहमीचा रुंद वॉशर भुजेला घासतो. काही बूस्टरसोबत त्यासाठी खास नळ्या येतात, त्या फेकू नका.

बोल्टाची लांबी अंदाजाने ठरवू नये. जुन्या बोल्टाच्या लांबीत कमानीची जाडी आणि मधल्या वॉशरची जाडी मिळवा. एम६ बोल्टाचा एक फेरा म्हणजे १ मिमी, त्यामुळे तपासणं सोपं: बोल्ट हाताने फिरवताना कमानीला टेकण्याआधी निदान ८ पूर्ण फेरे आत गेले पाहिजेत. कमी गेले तर बॉसचे आटे जातील, आणि वेल्ड केलेल्या बॉसचे आटे गेले की ते डोकेदुखीचं काम. उलट बोल्ट फार लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो. मग टॉर्क पाना घट्ट झाल्याचं सांगतो, पण कमान सैलच असते. भोकाची खोली व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजा आणि बोल्ट तळापासून दीड-दोन मिमी वर थांबेल असा घ्या.

केबल सोडवा, एका वेळी एकच बाजू खोला. भुजा निघालीच आहे तर बॉस पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवा, गंज दिसला तर बारीक पॉलिशपेपरने काढा. स्प्रिंगची पिन बॉसच्या तीन भोकांपैकी मधल्या भोकात जाते, दोन्ही बाजूंना एकाच. थ्रेडलॉक फक्त आट्यांवर लावा. कमानीचे पाय जिथे वॉशरला आणि बोल्टाच्या डोक्याला टेकतात ते पृष्ठभाग मात्र कोरडे हवेत, ग्रीसचा थेंबही नको. कारण लांबट खाचेतला पाय निव्वळ घर्षणाने धरलेला असतो. ६ न्यूटन-मीटरला आवळलेला एम६ बोल्ट साधारण ५,००० न्यूटनने दाबतो, त्यातून कोरड्या धातूवर ७५० ते १,००० न्यूटनची पकड मिळते. सगळा भार कमानीवरच आला असं धरलं तर जोर ५८० पर्यंत जातो. म्हणजे थोडीच शिल्लक राहते आणि ग्रीस लागलं की तीही संपते. खाच घसरली की कमान जागेवर दिसते, पण काम करत नाही.

दोन्ही बोल्ट आधी हाताने टेकवा. चाक मध्यावर आहे आणि लिव्हर सोडलेला आहे याची खात्री करा. मग आलटून पालटून ५ ते ७ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. काही जण ब्रेक दाबून धरून बोल्ट आवळतात. त्याने कमान फाकलेल्या अवस्थेत पक्की होते आणि पुढे बॉसना कायम बाहेर ढकलत राहते. बसत नाही म्हणून कमान ताणून किंवा दाबून बसवणंही तसंच वाईट.

केबल जोडण्याआधी दोन्ही भुजा बोटाने दाबून सोडा. टणकन परत आल्या पाहिजेत. आळसावली तर वॉशर बघा. मग चाक फिरवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहा, नूडल खाचेतून काढून भुजा पुरेशा उघडतात का आणि चाक निघतं का तेही. वाटेत पंक्चर झाल्यावर कमान आड येतेय हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. मागे सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा सोडून किंवा स्प्रिंग काढून मागचा भाग पूर्ण दाबा आणि कमान सीट-ट्यूबवर किंवा खोगिरावर आदळत नाही याची खात्री करा.

पॅड पुन्हा लावावे लागतात

कमान लावली आणि पॅड तसेच ठेवले तर अर्धा फायदा वाया. पॅडसोबत येणाऱ्या वाटीसारख्या वॉशरच्या दोन जाड्या असतात. त्यांची अदलाबदल करून पॅड टेकलेले असताना भुजा एकमेकींना जवळपास समांतर राहतील असं बघा. शिमानोच्या सूचनेनुसार नूडलचं टोक आणि केबल आवळण्याचा बोल्ट यांच्यात किमान ३९ मिमी अंतर राहायला हवं, नाहीतर पॅड झिजल्यावर नूडल दुसऱ्या भुजेला टेकतो आणि ब्रेक लागणंच थांबतं. रिमपासून फट दोन्ही बाजूंची मिळून २ मिमी. पॅडचा बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर.

पॅडचं पुढचं टोक आधी टेकावं आणि मागे अर्धा ते एक मिमी फट राहावी, ही किंचाळणं थांबवायची जुनी रीत. पण ही तिरकस मांडणी करताना बॉसचं पिळवटणं गृहीत धरलेलं असतं. कमानीने पिळवटणं कमी झालं की आधीचा तिरकेपणा जास्त होतो. पॅडचं रबर सपाट होईपर्यंत लिव्हर मऊ लागत राहतो, आणि कमान लावूनही काही फरक पडला नाही असं वाटतं. अर्ध्या मिमीवर आणून बघा. किंचाळला नाही तर पूर्ण समांतर करा.

पॅडची वरची कड टायरला कधीही लागू नये, टायरची बाजू थोड्याच वेळात कापली जाते. व्ही-ब्रेकची भुजा खालच्या खिळीभोवती फिरते, म्हणून पॅड झिजत जातो तसा तो रिमवर थोडा खाली टेकायला लागतो. नवा पॅड म्हणून वरच्या कडेच्या जवळ, पण टायरपासून एक-दोन मिमी खाली बसवतात. रिमची भिंत बोटाला आत खोलगट लागत असेल किंवा झिजेची खूण पुसली गेली असेल तर ब्रेकची सुधारणा बाजूला ठेवून आधी रिम बदला. झिजलेली भिंत टायरमधल्या हवेच्या दाबाने फुटते.

कुठे लावू नये, कुठे हमखास लावावी

सस्पेन्शन फोर्कच्या दोन खालच्या नळ्यांना जोडणारी कमान मुळातच असते आणि बॉस तिच्या जवळ असतात. तिथे आणखी एक कमान लावून मोजण्याजोगा फरक क्वचितच पडतो. मॅनिटू कंपनीच्या फोर्कवर ही कमान मागच्या अंगाला असते, तिथेही आधी मोजूनच ठरवा. पुढे बूस्टर लावायचाच असेल तर त्याची दोन्ही टोकं खालच्या, एकत्र हलणाऱ्या भागावरच हवीत. बारीक पोलादी सीट-स्टे असलेल्या फ्रेमचा मागचा ब्रेक ही बूस्टरची खरी जागा.

मागुराच्या एचएस३३सारख्या हायड्रॉलिक रिम ब्रेकची गोष्ट वेगळी. त्यात भुजा नसते. पिस्टन पॅडला सरळ रिमवर ढकलतो, त्यामुळे पॅडवरचा पूर्ण जोर जसाच्या तसा बॉसवर येतो. पिस्टनचा प्रवासही अगदी थोडा असतो. त्यामुळे तिथे फाकणं परवडतच नाही आणि बूस्टर जवळपास आवश्यक भाग मानला जातो. ट्रायल्स (अडथळ्यांवरून तोल सांभाळत जाण्याचा सायकल खेळ) चालवणारे, ज्यांना एका बोटाने चाक जागच्या जागी गोठवायचं असतं, ते रिम ग्राइंडरने खरबरीत करतात आणि कमानही जाड निवडतात.

१९९६मध्ये शिमानोने व्ही-ब्रेक आणला त्याआधीच्या कॅन्टिलिव्हर ब्रेकवरही बूस्टर लागतो, पण तिथे टायरवरून जाणारी आडवी केबल असते. नेहमीची कमान तिच्या वाटेत येते का ते पुठ्ठ्याच्या नमुन्याने बघावं. त्या काळच्या फ्रेमवर बॉस एकमेकांच्या जवळही असतात, आणि ८० मिमीची खाच तिथपर्यंत पोचेलच असं नाही.

सगळं बसलं की ताणकाटा पुन्हा १० किलोपर्यंत ओढून मोजा. फाकणं तिसऱ्या हिश्शानेही घटलं नसेल तर खाच घसरतेय, बोल्ट तळाला टेकलाय किंवा कमानच पातळ आहे, बहुतेकदा याच क्रमाने. नंतर मार्करने प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून कमानीवर एक सरळ रेघ ओढून ठेवा. काही फेऱ्यांनंतर रेघेचा बोल्टावरचा तुकडा फिरलेला दिसला तर बोल्ट सैल होतोय. तुकडा न फिरता बाजूला सरकलेला दिसला तर खाचेतला पाय घसरलाय. मग कमान काढून पृष्ठभाग स्पिरिटने पुसून पुन्हा आवळा.